सुगंधी तेलांची ओळख : थेंबाचे गणित

हेब्बाळचा उड्डाणपूल ओलांडून यलहंक्याच्या दिशेने निघाले की कृषी विज्ञान विद्यापीठाचा जीकेव्हीके परिसर लागतो. त्याच्या लगत, अल्लाळसंद्र येथे, केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेचे संशोधन केंद्र आहे. जिरेनियम, पॅचौली, गवती चहा अशा वनस्पतींची लागवड आणि त्यांपासून मिळणारे तेल हा तेथील अभ्यासाचा विषय. अशा तेलांच्या लहानशा बाटल्या आता औषधांच्या दुकानांपासून मोठ्या मॉलपर्यंत सर्वत्र दिसतात. त्या हौसेने घरी आणण्यापूर्वी बाटलीत नेमके काय असते, हे जाणून घेणे हिताचे.

तेल म्हणजे काय?

खोबरेल वा तीळतेल घाण्यातून निघते. सुगंधी तेल मात्र बहुधा ऊर्ध्वपातनाने मिळते. पाने, फुले, मुळे किंवा लाकडाचा भुसा यांतून पाण्याची वाफ सोडतात. वाफेबरोबर सुगंधी द्रव्ये निघतात व थंड होताच पाण्यावर तरंगू लागतात. लवंगेचे तेल जड असल्याने ते तळाशी बसते. संत्रे, लिंबू यांचे तेल साल दाबूनही काढतात. ही तेले हवेत उडून जातात आणि अतिशय तीव्र असतात. एक किलो गुलाबतेलासाठी साधारणतः तीन ते पाच हजार किलो फुले लागतात, यावरून त्या तीव्रतेची कल्पना यावी.

या उद्योगाशी बंगळूरचे नाते जुने आहे. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि युरोपात तेल काढण्यासाठी जाणारे म्हैसूर संस्थानचे चंदन अडून राहिले. तेव्हा उद्योग खात्याचे आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या पुढाकाराने भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक सडबरो व वॉटसन यांनी चंदनतेल काढण्याचे प्रयोग केले. १९१६ मध्ये संस्थानाचे स्वतःचे चंदनतेल उत्पादन सुरू झाले. ‘अरोमाथेरपी’ हे नाव त्यानंतरचे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रेने-मोरिस गातफॉसे यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथाला ते दिले.

शुद्धतेची पारख

भेसळ या व्यापाराइतकीच जुनी. एकोणिसाव्या शतकात आपल्या खानदेशातील रोशा गवताचे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई व तेथे महागड्या गुलाबतेलात मिसळले जाई. आजही खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तिचा कोणता भाग वापरला, उत्पादकाचा पत्ता आणि मुदत असावी. केवळ ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ लिहिले असेल, तर ते कृत्रिम सुगंधाचे मिश्रण असण्याचा संभव अधिक.
२. एकाच दुकानात गुलाब, चंदन आणि गवती चहा यांचा भाव सारखाच असेल, तर सावध व्हावे. चंदनतेल झाडाच्या गाभ्यातून मिळते आणि तो गाभा तयार होण्यास कित्येक वर्षे लागतात.
३. कोऱ्या कागदावर एक थेंब टाकावा. निलगिरी किंवा लिंबाच्या तेलाचा तेलकट डाग मागे राहिल्यास त्यात साधे तेल मिसळले असण्याची शंका घ्यावी. चंदन, वाळा अशा जड तेलांना ही कसोटी लागू पडत नाही. पक्का निर्णय प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफीच देते.

प्रारंभ कसा करावा?

नवख्याने लॅव्हेंडर, गवती चहा आणि निलगिरी या तीन तेलांपासून आरंभ करावा. खोलीत सुगंध दरवळण्यासाठी डिफ्यूझरच्या पाण्यात तीन-चार थेंब पुरेत. खिडकी किंचित उघडी ठेवावी व अर्ध्या तासाने उपकरण बंद करावे.

त्वचेवर लावायचे तेल नेहमी खोबरेल, तीळ किंवा बदाम तेलात मिसळूनच वापरावे. हिशेब सोपा आहे : एक मिलिलिटर म्हणजे सुमारे वीस थेंब. म्हणून दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे खोबरेलात दोन थेंब घातले की एक टक्का मिश्रण होते आणि चार थेंबांनी दोन टक्के. चेहऱ्यासाठी एक व अंगाच्या मालिशसाठी दोन टक्क्यांची मर्यादा पाळावी. प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडे मिश्रण लावून चोवीस तास वाट पाहावी. लिंबाच्या सालीचे दाबून काढलेले तेल लावून उन्हात जाऊ नये. त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते.

सावधानता

आपल्या घरांत निलगिरी तेलाची बाटली असतेच आणि ‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’ असेही आपण सहज म्हणतो. परंतु हेच तेल काही मिलिलिटर पोटात गेले तरी लहान मुलांना गुंगी किंवा आकडी येऊ शकते. कापराबाबतही तसेच. म्हणून या बाटल्या औषधांप्रमाणे कुलपात ठेवाव्यात. तान्ह्या बाळाच्या नाकाशी वा छातीवर ही तेले लावू नयेत. चुकून तेल प्यायले गेल्यास उलटी करविण्याचा प्रयत्न न करता बाटलीसह तत्काळ रुग्णालय गाठावे. गर्भवती स्त्रिया, दम्याचे व अपस्माराचे रुग्ण यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ही तेले वापरू नयेत.

सुगंधाने मन प्रसन्न होते, थकवा हलका वाटतो, झोपेपूर्वी शांतता लाभते. एवढा लाभही थोडा नव्हे. मात्र मधुमेह, रक्तदाब वा जुनाट दुखणे तेलाने बरे होईल, असे कोणी सांगितले तरी चालू असलेले औषध सोडू नये. देवघरातील चंदनाची उटी आणि माठातील वाळा यांतून आपल्या पूर्वजांनी सुगंध जपला तो अल्प प्रमाणातच. बाटली उघडताना तोच संयम बाळगला, तर थेंबभर तेलही पुरेसे ठरेल.