ट्रॅक्टरच्या इंजिनासाठी वंगण तेलाची व गाळण्यांची निवड

बैलाच्या दाणावैरणीत कुचराई झाली तर तो खंगू लागतो आणि ती गोष्ट मालकाच्या चटकन ध्यानी येते. इंजिनाचे तसे नाही. वंगणाची हेळसांड झालेले इंजिन एखाददुसरा हंगाम मुकाट्याने काम करते व पुढे ऐन पेरणीच्या तोंडावर बंद पडते. लायनर, पिस्टन, रिंगा व बेअरिंगे बदलण्याचा खर्च मोठा असतोच. शिवाय हातचा वापसा निघून जातो. हे नुकसान टाळण्यासाठी तेल व गाळण्या कशा निवडाव्या, ह्याची माहिती येथे देत आहोत.

वंगण तेलाची कामे

घर्षण कमी करणे हे तेलाचे पहिले काम. ह्याशिवाय ते पिस्टनची उष्णता वाहून नेते, रिंग व लायनर ह्यांमधील फट भरून काढते, जळणातून उत्पन्न होणारी आम्ले मारते आणि काजळी आपल्या अंगात तरंगत ठेवते. डिझेल इंजिनातील तेल थोड्याच तासांत काळे पडते, ते ह्या शेवटच्या कामामुळे. केवळ काळ्या रंगावरून तेल बिघडले असे समजू नये. तसेच रंग बरा दिसतो म्हणून मुदत संपलेले तेल चालूही ठेवू नये. तेल बदलण्याची वेळ अवर मीटरवरील तासांवरून ठरवावी. अनेक ट्रॅक्टरांसाठी ही मुदत २५० तासांची असते. तथापि आपल्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेला आकडाच प्रमाण मानावा. मळणी, रोटाव्हेटर किंवा कोरड्या रानातील धुळीचे काम सतत असल्यास तेल ह्याहून लवकर बदलणे हिताचे ठरते.

डब्यावरील खुणा

तेल घेताना डब्यावरील दोन खुणा अवश्य वाचाव्या.

(१) दाटपणा : हा ‘एसएई’ ह्या अक्षरांपुढे दिलेला असतो. ‘१५डब्ल्यू-४०’ ह्यातील पहिला आकडा थंडीतील वर्तन दाखवितो, तर दुसरा १०० अंश सेल्सिअस तापमानावरील दाटपणा दाखवितो. पहिला आकडा जितका लहान, तितक्या कडक थंडीत तेल वाहते राहते. १५डब्ल्यू तेलाची कसोटी शून्याखाली २० अंशांवर घेतात. निफाडच्या थंडीतही आपल्याकडे इतका गारठा पडत नाही. म्हणून केवळ थंडीच्या भीतीने ५डब्ल्यूचे महाग तेल घेण्याचे कारण नाही. उलट अकोला-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेथे दुसरा आकडा पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा कमी असलेले तेल वापरू नये.

(२) प्रत : ही ‘एपीआय’ ह्या अक्षरांपुढे असते. ‘सी’ ने आरंभ होणारी प्रत डिझेल इंजिनासाठी व ‘एस’ ने आरंभ होणारी पेट्रोल इंजिनासाठी असते. काही डब्यांवर दोन्ही लिहिलेल्या असतात. १९९८ सालची सीएच-४ व २००२ सालची सीआय-४ ह्या क्रमाने कसोट्या कडक होत गेल्या आहेत. पुस्तिकेत सीआय-४ सांगितले असता त्याहून जुन्या प्रतीचे तेल स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे कडक नियम लागू झाले. त्यांपैकी ज्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी आहे, त्यांना कमी राख करणारे तेलच लागते. अन्य तेलाच्या राखेने ती गाळणी तुंबते. मोटारसायकलचे किंवा गिअरबॉक्स-हायड्रॉलिकचे तेल इंजिनात कधीही घालू नये. सुटे तेल घेऊ नये. ज्या तेलाला डबा नाही, त्याची प्रत सांगणारेही कोणी नाही.

गाळण्यांचे महत्त्व

समजा, इंजिन अडीच लिटर क्षमतेचे आहे व ते मिनिटास २,००० फेरे घेते. दर दोन फेऱ्यांस ते एकदा श्वास घेते. म्हणजे मिनिटास सुमारे २,५०० लिटर व तासास सुमारे दीड लाख लिटर हवा ओढते. ही हवा रोटाव्हेटरमागच्या धुळीतून येते. तीतील बारीक वाळू रिंगा व लायनर ह्यांवर कानशीसारखी चालते. म्हणून उत्तम तेल घालूनही हवेची गाळणी सदोष असेल, तर इंजिन लवकर झिजते.

हवेची गाळणी तेलाच्या वाटीची असल्यास धुळीच्या दिवसांत वाटी रोज पाहावी, गाळ साचला असता धुऊन खुणेपर्यंत तेल भरावे. कागदी गाळणी पाण्याने धुऊ नये. ती आतून बाहेर मंद हवेने झाडावी व कागद फाटला असल्यास बदलावी. रबरी नळीच्या चिराही तपासाव्या. चिरेतून शिरलेली धूळ गाळणी चुकवूनच आत जाते.

तेलाची गाळणी दर तेलबदलीस बदलावी. ती तुंबली म्हणजे तिची झडप उघडते व तेल न गाळताच बेअरिंगांकडे जाते. नवी गाळणी घेताना आटे जुळतात एवढे पाहून भागत नाही. झडपेचा दाब व आतील कागद ह्यांत फरक असतो. म्हणून पुस्तिकेतील क्रमांक जुळवून, पावतीसह घ्यावी. डिझेलच्या गाळणीतील पाणी वेळोवेळी काढावे.

तेल बदलण्याची रीत

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. इंजिन थोडे चालवून बंद करावे व तेल कोमट असताना चेंबरचा बोल्ट काढावा, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघतो. नव्या गाळणीच्या रबरास तेलाचे बोट लावून ती हातानेच आवळावी. मापाने तेल भरून इंजिन क्षणभर चालवावे, गळती पाहावी आणि काही मिनिटांनी कांडीवर पातळी तपासावी. ती दोन खुणांच्या मध्ये असावी. वरच्या खुणेपलीकडे भरल्यास तेल घुसळून फेसाळते.

काढलेले तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. झाकणाच्या डब्यात साठवून ते परवानाधारक पुनर्वापर केंद्राकडे पोहोचेल अशी व्यवस्था गॅरेजमार्फत करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

हंगामापूर्वी गावातील ट्रॅक्टरमालकांस एकत्र बोलावून एका यंत्राचे तेल सर्वांसमक्ष बदलून दाखवावे. जुनी गाळणी कापून तिच्या कागदातील गाळ सर्वांस पाहू द्यावा. प्रत्येक मालकाकडून एका वहीत तारीख, मीटरवरील तास, तेलाची खूण व गाळणीचा क्रमांक ह्यांची नोंद सुरू करवावी. ही चार खण्यांची वही ठेवणाऱ्या शेतकऱ्यास पुढील बदल केव्हा व कशाने करावयाचा, हे दुकानदारास विचारावे लागणार नाही.