दुबईची ईद केळशीच्या आधी का?

प्रश्न : मुलगा दुबईला नोकरीला आहे. येत्या रमजानचे शेवटचे रोजे आणि ईद त्याच्याकडे करायचा आम्हा नवराबायकोचा विचार आहे. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, तरी तिथली ईद बहुतेक वेळा आपल्या आधी येते. असं का? आणि इथे रोजे सुरू करून तिकडे गेलो तर रोजांचा हिशेब कसा धरायचा?
– एक वाचक, केळशी (ता. दापोली, जि. रत्नागिरी)

उत्तर : ईद घड्याळावर ठरत नाही, चांदावर ठरते. २९व्या रोजाच्या संध्याकाळी चांद दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही दिसला तर ३० रोजे पुरे करायचे.

अमावास्या संपली की चंद्र सूर्यापासून तासाला सुमारे अर्धा अंश दूर सरकतो. सूर्य केळशीत आधी मावळतो, दुबईत सुमारे सव्वा तासाने आणि मक्केत सव्वादोन तासांनी. म्हणजे पश्चिमेकडच्या गावांना तोच चंद्र जरा वाढलेला, सूर्यापासून थोडा आणखी सुटलेला मिळतो. घड्याळ मागे असणं इथे त्यांच्या फायद्याचंच ठरतं.

पण सगळा फरक एवढ्याने पडत नाही. २०२५चं उदाहरण घ्या. २९ मार्चला आपल्या वेळेने दुपारी साडेचारच्या सुमारास अमावास्या संपली. केळशीच्या सूर्यास्ताला चंद्राचं वय अडीच तासांच्या आतच होतं, दुबईत साडेतीन तास आणि मक्केत साडेचार. नुसत्या डोळ्यांना कोर दिसायला सहसा पंधरा तास तरी जावे लागतात. तरीही सौदी अरेबियाने साक्ष मान्य करून ३० मार्चला ईद जाहीर केली, अमिरातीतही त्याच दिवशी झाली. शेजारच्या ओमानने मात्र ३१ मार्चला केली, भारताबरोबर. तेव्हा आकाशाइतकंच महत्त्व आहे ते कोणता देश कोणती साक्ष मानतो याला.

कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे. या पंथात प्रत्येक प्रदेशाचा ‘मतला’, म्हणजे चंद्रोदयाचं क्षेत्र, वेगळा मानतात. दूरच्या देशात चांद दिसला म्हणून इथे ईद लागू होत नाही. दुबईहून मुलाचा ‘ईद मुबारक’ म्हणून फोन आला आणि घरात अजून रोजा चालू असला, तरी दोघंही बरोबरच असतात.

आता हिशेब. नियम असा की, माणूस ज्या गावी असेल त्या गावाबरोबर रोजे आणि त्या गावाबरोबर ईद. २०२५मध्ये भारतात पहिला रोजा २ मार्चला होता, दुबईत १ मार्चला. इथे रोजे सुरू करून तिकडे ईद केलेल्याचे २८च रोजे झाले. चांद्रमहिना २९ दिवसांपेक्षा लहान नसतो, म्हणून अशाने ईद तिथल्या लोकांबरोबर करायची आणि राहिलेला एक रोजा नंतर धरायचा. उलट, दुबईत सुरुवात करून केळशीत ईद केली तर एक रोजा जास्त होतो. इथे ३० झाले त्या वर्षी ३१. तरी इथल्या जमातीबरोबर तो धरायचाच. प्रवासाच्या दिवशी रोजा न धरण्याची सवलत आहे, तोही नंतर भरून काढावा लागतो. प्रकृती, औषधं किंवा वयाचा प्रश्न असेल तर निघण्याआधी आपल्या मौलवींशी आणि डॉक्टरांशी बोलून घ्या.

तिकिटाबद्दल एकच सांगणं. ईदची तारीख आदल्या संध्याकाळपर्यंत पक्की नसते आणि ती केळशीच्या कॅलेंडरवरून धरली तर ईदची नमाज विमानतळावर चुकू शकते. म्हणून २८वा रोजा दुबईच्या मोजणीने धरा आणि त्याच्याही एक-दोन दिवस आधी पोहोचा. सणाच्या तोंडावर भाडी चढतात, तेव्हा बुकिंग लवकर करा आणि परतीची तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या.

मुलाबाळांना घरापासून दूर ठेवून वर्षानुवर्षं ईद करणारी घरं कोकणात पुष्कळ आहेत. आईबाप तिकडे जाऊ शकत असतील तर त्यांनी जरूर जावं. एक रोजा नंतर भरून काढता येतो. मुलाबरोबरची ईद मात्र त्याच दिवशी करावी लागते.