मुलांचा सांभाळ : शिकून करावयाचे काम

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वाड्यावाड्यांतून एकच चर्चा सुरू होते. डी.एड., आय.टी.आय., नर्सिंग, पोलीस भरती, नाहीतर थेट मुंबईची वाट. या यादीत बालक व युवकांच्या संगोपनाचे काम कोठेच नसते. 'पोरे सांभाळायला कसले आले शिक्षण?' असे आपले वडीलधारेच विचारतात. विद्यार्थी मित्रांसमोर या प्रश्नाचे उत्तर मांडावे, म्हणून आम्ही हा विषय निवडला.

खरे तर आपल्या समाजाला या कामाचे मोल सांगावयास नको. परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ च्या जानेवारीत सभेने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. मुलाला शिकवायचे तर आधी त्याच्या राहण्याजेवणाची सोय हवी, हे त्यामागचे सरळ कारण. आपल्या मंडणगड-दापोलीपासून लांजा-राजापूरपर्यंत आजही कितीतरी घरांत आईवडील मुंबईला आणि मुले आजीजवळ किंवा वसतिगृहात अशी विभागणी आहे. म्हणजे मुलांचा सांभाळ दुसऱ्याच्या हाती आहेच. ते हात जाणते आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न उरतो.

एक साधे उदाहरण घेऊ. वसतिगृहात नव्याने आलेला सहावीतला मुलगा रात्री अंथरूण ओले करतो. सांभाळणारा मनाने चांगला, पण शिकलेला नाही. तो चार मुलांदेखत बोलतो, दुसऱ्या दिवशी पोरे चिडवतात, आठवड्याने मुलगा घरी पळतो. शिकलेला माणूस आधी पाहतो की हे कधीपासून सुरू झाले, घरी काही घडले काय, दुखणे तर नाही ना. डॉक्टरांना दाखवतो, चादर गुपचूप बदलण्याची सोय करतो आणि तारखेनिशी नोंद ठेवतो. माया दोघांनाही आहे. फरक पडतो तो शिक्षणामुळे.

याहून कठीण प्रसंग म्हणजे एखादे मूल आपल्यावर झालेला लैंगिक अत्याचार सांगू लागते तो. तेथे चुकीला जागा नाही. मुलाचे शांतपणे ऐकावे, तेच तेच प्रश्न पुन्हा विचारू नयेत, 'मी कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. गावकीत मिटवून टाकू, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना कायदा दाखवून ठाम उभे राहणे, हाही या प्रशिक्षणाचाच भाग होय.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत बालशिक्षणाचे काम उभे केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, ही ताराबाईंची दृष्टी. पाने, बिया, शिंपले हीच त्यांची साधने, आणि बालसेविका घडविणे हे त्यांच्या कार्याचे महत्त्वाचे अंग. आजचा अंगणवाडी हा शब्द तेथूनच रूढ झाला.

आता शिक्षण कोठे घ्यावे ते पाहू. बारावीनंतर समाजकार्याची पदवी, म्हणजे बी.एस.डब्ल्यू., घेता येते. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांचे एम.एस.डब्ल्यू. करता येते. मुंबईत १९३६ साली स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था व १९५५ चे निर्मला निकेतन, पुण्यात १९६३ ची कर्वे समाजसेवा संस्था ही जुनी व मान्यवर केंद्रे. घर सोडता येत नसेल त्यांच्यासाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. सर्वांचा गाभा एकच, तो म्हणजे क्षेत्रकार्य. बालगृहात, वस्तीत, रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावयाचे, त्याचा अहवाल लिहावयाचा आणि मार्गदर्शकाकडून चुका समजून घ्यावयाच्या. लिहिण्याचा कंटाळा असणाऱ्याने या वाटेस जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०१५ चा बाल न्याय कायदा अठरा वर्षांखालील सर्वांना बालक मानतो. या व्यवस्थेत अधीक्षक, समुपदेशक, परिविक्षा अधिकारी, गृहमाता-गृहपिता अशी अनेक पदे असतात. संस्थेत आलेल्या प्रत्येक मुलाचा स्वतंत्र संगोपन आराखडा करावा लागतो. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. १०९८ ही बालकांची मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत टाटा संस्थेच्याच उपक्रमातून जन्मली आणि २०२३ पासून शासनाकडे आली. तेथेही माणसे लागतात. मात्र यातील पुष्कळ नेमणुका कंत्राटी असतात, मानधन बेताचे असते आणि अंगणवाडी सेविकांना तर त्यासाठी वारंवार संप करावे लागले आहेत. हे लपवून तरुणांना या क्षेत्रात बोलावणे बरे नव्हे.

खर्चासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज करावा. जातीचा व उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवावा, कारण ऐनवेळी तहसील कचेरीत रांग फार असते.

आणि प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी सेविकेला विचारून आपल्या वाडीतील अंगणवाडीत पंधरा दिवस जाऊन बसावे. मुलांची वजने घेताना, रडणाऱ्याला गप्प करताना, मोबाईलवर नोंदी भरताना तिला हातभार लावावा. पंधराव्या दिवशीही सकाळी उठून जावेसे वाटले, तर खुशाल अर्ज भरावा.