‘चालतोय ना!’ची किंमत

भोसरी, अंबड किंवा गोकुळ शिरगाव, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या पंचवीस-तीस माणसांच्या कारखान्यात जा. अकाउंट्सच्या खोलीत, जिन्याखाली किंवा फायलींच्या कपाटाशेजारी एक काळा डबा घोंघावत असतो. टॅली त्यावर, स्टॉकचं सॉफ्टवेअर त्यावर, दहा वर्षांची ड्रॉइंग्जही त्यावर. ‘हा सर्व्हर कधी घेतला?’ असं विचारलं की मालक अकाउंटंटकडे बघतात, अकाउंटंट कॉम्प्युटरवाल्याला फोन लावतो आणि शेवटी उत्तर येतं, ‘चालतोय ना, मग कशाला हात लावायचा?’

चालतोय हे खरंच असतं. चांगला सर्व्हर आठ-दहा वर्षंही चालतो. पण तो बंद पडेल त्या दिवशी त्याचा पॉवर सप्लाय मिळेल का, कंपनीचा माणूस येईल का आणि तोवर डिस्पॅच कशावर चालेल, याची उत्तरं डबा व्यवस्थित घोंघावत असतानाच ठरलेली असतात. ती आधी माहीत असली तर पैसे वाचतात.

एका सर्व्हरच्या चार तारखा

सर्व्हर एका दिवशी ‘संपत’ नाही. त्याला चार वेगवेगळ्या तारखा असतात. त्यांतली जी सगळ्यात आधी येते, ती तुमची तारीख.

*पहिली, वॉरंटीची.* बऱ्याच सर्व्हरना मुळात तीन वर्षांची वॉरंटी असते. जास्त पैसे भरून ती पाच वर्षांची करता येते, काही मॉडेल्सना सातपर्यंतही. मात्र मोजणी तुम्ही प्लग लावला त्या दिवसापासून होत नाही. अनेकदा कंपनीतून माल निघाल्याच्या किंवा बिलाच्या तारखेपासून घड्याळ सुरू होतं. डीलरच्या गोदामात खोकं चार महिने पडून असेल, तर ते चार महिने तुमच्या खात्यातून जाऊ शकतात. डेलच्या सर्व्हरवर सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग असतो, एचपीईच्या सर्व्हरवर सीरियल नंबर आणि प्रॉडक्ट नंबर. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की खरी तारीख दिसते. डिलिव्हरी घेतानाच ती तपासा, पेमेंट नंतर.

*दुसरी, कंपनीच्या सेवेची.* मॉडेलची विक्री बंद झाली की पुढची ठरावीक वर्षंच कंपनी सुटे भाग ठेवते. नेटवर्कच्या सामानात सिस्कोची रीत यासाठी बघण्यासारखी आहे. विक्री बंद करण्याची सूचना साधारण सहा महिने आधी येते आणि शेवटच्या विक्रीपासून हार्डवेअरची सेवा पाच वर्षं मिळते. म्हणजे ‘शेवटचा लॉट, घसघशीत सूट’ म्हणून घेतलेल्या यंत्राची किंमत कमी असते, पण वर्षंही कमी असतात. कोटेशन मागताना एक ओळ जरूर लिहा : ‘या मॉडेलची विक्री कधी सुरू झाली, आणि सेवा कधीपर्यंत मिळेल, ते लेखी कळवावे.’

*तिसरी, ऑपरेटिंग सिस्टिमची.* या तारखा जाहीर असतात, तरी सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

- विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२ : १० ऑक्टोबर २०२३. त्यानंतरचे सुरक्षा अपडेट वेगळे पैसे भरून, आणि तेही जास्तीत जास्त १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत
- विंडोज सर्व्हर २०१६ : १२ जानेवारी २०२७
- विंडोज सर्व्हर २०१९ : ९ जानेवारी २०२९
- विंडोज सर्व्हर २०२२ : १४ ऑक्टोबर २०३१
- सेंटओएस ७ : ३० जून २०२४
- व्हीएमवेअर ईएसएक्सआय ७ : २ ऑक्टोबर २०२५

*चौथी, तुमच्या सॉफ्टवेअरची.* ईआरपी, हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर आणि त्याखालचा डेटाबेस यांची मुदत वेगळी असते. एसक्यूएल सर्व्हर २०१४ची मुदत ९ जुलै २०२४ला संपली, २०१६ची तारीख १४ जुलै २०२६ आहे. यंत्र नवं आणि डेटाबेस जुना, असं कितीतरी ठिकाणी सापडतं.

या तारखा एकमेकींत अडकलेल्याही असतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ही आवृत्ती मे २०२५मध्ये आली. ती चालायला प्रोसेसर किमान इंटेलच्या ‘हॅसवेल’ पिढीचा लागतो. झिऑन ई५च्या दुसऱ्या आवृत्तीवर, म्हणजे २०१३च्या सुमाराच्या सर्व्हरवर, ती बसणारच नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर बदलायला गेलेला माणूस यंत्र घेऊन परत येतो.

हिशेब मांडू या

पंचवीस माणसांचं ऑफिस, सात वर्षांचा एक सर्व्हर, वॉरंटी संपलेली. खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत आणि जीएसटी वगळून आहेत. त्यांच्या जागी तुमच्या कोटेशनचे आकडे घाला, रीत तीच राहील.

*जुनाच आणखी दोन वर्षं चालवायचा :* बाहेरच्या एजन्सीची एएमसी वर्षाला ३०,००० रुपये, म्हणजे ६०,०००. दोन जादा डिस्क आणि एक पॉवर सप्लाय आणून कपाटात ठेवायला ३५,०००. एकूण ९५,०००, म्हणजे वर्षाला ४७,५००.

*नवा घ्यायचा :* पाच वर्षांच्या वॉरंटीसह सर्व्हर ३,५०,०००. ऑपरेटिंग सिस्टिम आणि वापरणाऱ्यांचे परवाने १,८०,०००. जुन्यावरचा डेटा आणि सॉफ्टवेअर हलवण्याचे ४०,०००. सहाव्या वर्षाच्या सेवेचे ४०,०००. एकूण ६,१०,०००. सहा वर्षांत विभागले तर वर्षाला सुमारे १,०१,७००.

म्हणजे जुना सर्व्हर वर्षाला ५४,२०० रुपयांनी स्वस्त पडला. मालकांचं म्हणणं बरोबरच ठरलं की!

आता दुसरी बाजू. माणशी रोज सरासरी ८०० रुपये पगार धरला, तर पंचवीस माणसांचा एक दिवस २०,००० रुपयांचा. सर्व्हरअभावी सगळेच अडून राहिले, तर वर्षात पावणेतीन दिवस बंद पडणं पुरेसं आहे. तेवढ्यात ती स्वस्ताई संपते. निम्मेच अडले, तर साडेपाच दिवस. अडकलेला माल, चुकलेलं ई-वे बिल, ग्राहकाचा चढलेला आवाज हे त्यात धरलेलंच नाही. आठ वर्षांच्या यंत्राचा मदरबोर्ड शोधायला चार-पाच दिवस सहज जातात.

म्हणून प्रश्न असा विचारा : ‘सर्व्हर बंद पडला तर आमचे किती दिवस जातील, आणि एका दिवसाची किंमत किती?’ चार दिवस वहीवर काम निभावणाऱ्या दुकानाला जुना सर्व्हर परवडतो. बिलाशिवाय गेट न उघडणाऱ्या कारखान्याला तो महाग पडतो. आणि ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत संपलेली असेल, तर ही तुलना करूच नका. सुरक्षा अपडेट न मिळणारं, इंटरनेटला जोडलेलं यंत्र कुठल्याच भावात स्वस्त नसतं.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च

*परवाना.* जुन्या सर्व्हरसोबत आलेला विंडोजचा ओईएम परवाना त्याच यंत्राशी बांधलेला असतो, तो नव्यावर नेता येत नाही. माणशी घ्यायचे परवाने, ज्यांना डीलर ‘कॅल’ म्हणतात, तेही आवृत्तीप्रमाणे असतात. नव्या आवृत्तीचे कॅल जुन्या सर्व्हरला चालतात, उलट चालत नाही.

*कोअर.* विंडोज सर्व्हरचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअरचा घ्यावाच लागतो. ‘थोड्या जास्त पैशांत ३२ कोअरचा देतो’ असं डीलर म्हणाला, तर यंत्र थोडंच महागतं, परवाना मात्र दुप्पट होतो. पंचवीस माणसांना सहसा सोळा कोअर पुरून उरतात.

*जीएसटी.* सर्व्हरवर आणि एएमसीवर १८ टक्के. कारखान्याला तो इनपुट क्रेडिटमधून वळता होतो. रुग्णसेवा करमुक्त असल्याने हॉस्पिटलला होत नाही. साडेतीन लाखांच्या सर्व्हरवर ६३,००० रुपये हॉस्पिटलच्या खिशातूनच जातात.

*वीज.* सरासरी २५० वॅट ओढणारा सर्व्हर चोवीस तास चालला, तर वर्षाला २,१९० युनिट होतात. १२ रुपये युनिट धरलं तर २६,२८० रुपये, आणि त्या खोलीचा एसी वेगळा. दोन-तीन जुने सर्व्हर असतील तर ते एका नव्यावर आणल्याने वाचणारी वीज एएमसीचा बराच भाग भरून काढते.

*क्लाउड.* मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं मुंबई-पुण्यात आहेत. तिथे भाड्याने सर्व्हर घेतला तर यंत्राची जुनाट होण्याची चिंता मिटते. ऑपरेटिंग सिस्टिमची तारीख मात्र तुमच्याच डोक्यावर राहते. दर महिन्याचं भाडं, डेटा बाहेर काढण्याचा आकार आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइन हे सगळं सहा वर्षांचं धरून वरच्या आकड्याशी ताडून पाहा. एका महिन्याचं भाडं बघून भुलू नका.

एएमसीचा कागद असा वाचा

आधी बघा, करार कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे की नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह. दुसऱ्यात फक्त माणूस येतो, भागांचे पैसे तुमचे. पहिल्यातही बॅटरी, पंखे, डिस्क वगळल्या आहेत का, ते बारीक अक्षरांत पाहा.

‘चार तासांत रिस्पॉन्स’ म्हणजे चार तासांत दुरुस्ती नव्हे. रिस्पॉन्समध्ये फोनही मोजला जातो. दुरुस्ती किती वेळात, आणि भाग नसेल तर तोवर पर्यायी यंत्र देणार का, हे लिहून घ्या. ‘नेक्स्ट बिझनेस डे’ असेल, तर शनिवारी दुपारी बंद पडलेल्या सर्व्हरकडे माणूस सोमवारनंतरच येईल हे गृहीत धरा.

बिघडलेली डिस्क कोण नेणार? वॉरंटीत नवी डिस्क मिळते तेव्हा जुनी कंपनी परत घेते, आणि तिच्यावर तुमचा डेटा असतो. जास्त पैसे भरून ती स्वतःकडे ठेवायची सोय मोठ्या कंपन्या देतात. हॉस्पिटल, सीए, वकील यांनी ती घ्यावीच.

वॉरंटी संपायच्या आत नूतनीकरण करा. मध्ये खंड पडला तर काही कंपन्या पुन्हा सुरू करण्याचं वेगळं शुल्क लावतात. फर्मवेअरचंही विचारा. एचपीने २०१४पासून प्रोलायंट सर्व्हरचे बरेचसे फर्मवेअर अपडेट वॉरंटी किंवा सेवा-करार चालू असलेल्यांपुरतेच ठेवले. बाहेरची एजन्सी भाग बदलून देईल, पण हे अपडेट ती कुठून आणणार, हा प्रश्न तिलाच विचारा.

जुनाच ठेवायचा ठरला तर

त्यात काही गैर नाही, तयारी मात्र हवी. त्याच मॉडेलचा एक वापरलेला सर्व्हर सुट्या भागांसाठी घेऊन ठेवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा रिफर्बिश्ड मालाच्या विक्रेत्यांकडे विचारल्यास मिळू शकतो, आणि आणीबाणीत एकटा मदरबोर्ड शोधण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. रेड कार्डाची आणि यूपीएसची बॅटरी तपासून घ्या, कारण दोन्ही सर्व्हरपेक्षा कितीतरी आधी थकतात.

आणि बॅकअप. हा खर्च नव्या-जुन्या दोन्हींना सारखाच लागतो, म्हणून वरच्या तुलनेत धरला नाही. दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणारं रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच पुसली जाते. एक प्रत वेगळ्या यंत्रावर आणि एक ऑफिसच्या बाहेर हवी. दर तीन महिन्यांनी त्यातली एखादी फाइल परत आणून उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक.

निरोप देताना

जुना सर्व्हर भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. आधी डिस्क पुसा. एसएसडी असेल तर नुसतं फॉरमॅट किंवा वरून लिहिणं पुरत नाही. निर्मात्याची ‘सिक्युअर इरेज’ सोय वापरा, नाहीतर डिस्क फोडून नष्ट करा. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. नोंदणीकृत रिसायकलरलाच माल द्या आणि प्रमाणपत्र घेऊन फाइलला लावा. नव्या खरेदीत डीलर बायबॅक देत असेल, तर डिस्क काढून घेऊन मगच भाव करा.

पुढच्या वेळचे पैसे आजपासून

कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्व्हरचं आयुष्य सहा वर्षं धरलं आहे. नियोजनालाही तोच आकडा ठीक आहे. वरच्या उदाहरणातले ६,१०,००० रुपये ७२ महिन्यांत विभागले की महिना सुमारे ८,५०० होतात. नवा सर्व्हर बसेल त्या महिन्यापासून तेवढ्या रकमेचं आवर्ती खातं सुरू केलं, तर सहाव्या वर्षी कर्जाचा विषय निघत नाही. पाचव्या वर्षी कोटेशनं मागवा आणि सहाव्याच्या पहिल्या सहामाहीत यंत्र हलवा. मार्चअखेर आणि दिवाळीचा हंगाम मात्र टाळा.

व्यापारी बँका आणि मोठ्या वित्तसंस्थांना रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार सॉफ्टवेअरच्या सेवासमाप्तीच्या आणि हार्डवेअरच्या एएमसीच्या तारखांवर सतत नजर ठेवावी लागते. पंचवीस माणसांच्या कारखान्याला असा हुकूम कुणी देणार नाही. त्याला एक चिकटपट्टी पुरते. वॉरंटी, कंपनीची सेवा, ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअर, अशा चार ओळी लिहून ती डब्याच्या दर्शनी बाजूला लावा. पुढच्या वेळी ‘सर्व्हर कधी घेतला?’ असं कुणी विचारलं, तर कॉम्प्युटरवाल्याला फोन लावावा लागणार नाही.