कलाभवन आणि हाताची विद्या

बडोदे शहरात मराठी कुटुंबे आली ती बहुतेक गायकवाड सरकारच्या आश्रयाने. कोणी शिलेदार, कोणी कारकून, कोणी पंतोजी. पिढ्यान्‌पिढ्या लेखणीवर पोट भरल्यामुळे हाताने काम करणे म्हणजे कमीपणा, अशी एक समजूत या घरांत रुजली. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, दरबारी नोकऱ्यांचा आधार संपला. समजूत मात्र पुरती गेली नाही. दहावीनंतर मुलाने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या आयटीआयमध्ये, जायचे म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांचे चेहरे उतरतात, हे आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो. म्हणून याच शहरात निघालेल्या एका जुन्या संस्थेची हकीकत विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

ती संस्था म्हणजे कलाभवन. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली ते स्थापिले आणि सुरतेचे रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे त्याची सूत्रे सोपविली. नावावरून हे केवळ चित्रकलेचे विद्यालय असावे असा ग्रह होतो. पण ‘कला’ हा शब्द येथे हुन्नर या जुन्या, व्यापक अर्थाने घ्यावयाचा. चित्रकलेच्या जोडीस तेथे सुतारकाम, यंत्रकाम, विणकाम आणि कापड रंगविणे व छापणे हे विषय होते.

यांपैकी रंगकामाचे उदाहरण थोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे. आपल्याकडील रंगारी तांबडा रंग आल किंवा मंजिष्ठा या वनस्पतींच्या मुळांपासून काढीत. मुळे किती उकळावी, कापड केव्हा बाहेर काढावे, हे बापाने मुलास डोळ्यांदेखत दाखवावे आणि मुलाने ध्यानात ठेवावे, अशी शिक्षणाची रीत होती. १८६८ साली ग्रेबे व लीबरमान या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतील रंगद्रव्य, अ‍ॅलिझरिन, प्रयोगशाळेत तयार केले. पुढे दगडी कोळशाच्या डांबरापासून ते कारखान्यात बनू लागले आणि स्वस्त दराने बाजारात आले. हे द्रव्य सुती धाग्यास आपण होऊन चिकटत नाही. कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजविले तर तांबडा रंग पक्का बसतो. तुरटीऐवजी लोखंडाचा क्षार वापरला तर त्याच द्रव्यापासून जांभळा किंवा काळसर रंग येतो. तुरटीची युक्ती आमच्या रंगाऱ्यांस पूर्वीपासून ठाऊक होती. पण डब्यातील द्रव्याचा जोर मुळांच्या मानाने कितीतरी अधिक, आणि पाठोपाठ आलेल्या इतर कृत्रिम रंगांच्या तऱ्हाही निराळ्या. एकाला आम्ल लागे, दुसऱ्याला मीठ. तेथे नजरेचा अंदाज पुरेना. वजन, तापमान व रसायनांचे गुणधर्म यांचे ज्ञान हवे होते, आणि ते देण्याची सोय बापाकडे नव्हती. गज्जरांनी नेमकी हीच उणीव हेरली.

हे ज्ञान देशी भाषेतून द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. कलाभवनात शिक्षणाचे माध्यम गुजराती ठेवण्यात आले, आणि धंदेविषयक पुस्तके व परिभाषा तयार करविण्याच्या कामासही गज्जरांनी हात घातला. आमची घरची भाषा कोंकणी, शिकवण्याची मराठी आणि बाजारहाटाची गुजराती. त्यामुळे या आग्रहाचे मोल आम्हांस अनुभवाने ठाऊक आहे. जो शब्द घरी कधी कानावर पडला नाही, तो वर्गात पाठ होतो, पण हातात उतरावयास वेळ लागतो. लेथ, बॉयलर असे शब्द आता आपलेच झाले आहेत. ते बदलण्याचा हट्ट नको. यंत्र असे का चालते, हे मात्र ज्याच्या त्याच्या भाषेत सांगितलेच पाहिजे.

गज्जरांची स्वतःची विद्याही पुस्तकी नव्हती. १८९६ साली मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यास डांबर फासण्यात आले होते. तो डाग पुढे गज्जरांनीच रसायनांच्या साहाय्याने काढला. (डांबर फासणाऱ्यांविषयीची आपली सहानुभूती वेगळी ठेवून ही कारागिरी पाहावी!) त्यांचे शिष्य कोटीभास्कर यांनी गज्जर व अमीन यांच्यासह १९०७ साली अ‍ॅलेम्बिक ही रसायनांची कंपनी उभारली. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ साली पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके हेही कलाभवनाचेच विद्यार्थी. चित्रकला व छायालेखन यांचा त्यांचा अभ्यास येथे झाला. १९४९ साली महाराज सयाजीराव विद्यापीठ निघाले आणि कलाभवन त्याची तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखा बनले.

आजचे बडोदे रंगाऱ्यांचे राहिलेले नाही. कोयली येथील तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला आणि खते व रसायने यांचे मोठे उद्योग त्याच्या आगेमागे उभे राहिले. सावलीस मेट्रोचे डबे बनतात. २०२४ साली लष्करी मालवाहू विमानांच्या जोडणीचा कारखानाही येथे उघडला. या सर्वांना पदवीधर थोडे आणि फिटर, वेल्डर, वीजतंत्री पुष्कळ लागतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ठराविक संख्येहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांवर उमेदवारांस विद्यावेतन देऊन शिकविण्याचे बंधन घातले आहे. ही गोष्ट फारच थोड्या पालकांना माहीत असते. मात्र कारखान्याने जे यंत्र मोडीत काढले, त्यावरच मुलास दोन वर्षे शिकविणे, असा प्रकार कोठे होत असेल तर तो गज्जरांस मुळीच रुचला नसता. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी संस्थेची कर्मशाळा स्वतः पाहून यावी.

रासायनिक संयंत्र चालविण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आहे. विज्ञान व गणित घेऊन दहावी उत्तीर्ण झालेल्यांस तो खुला आहे. नळांतील दाब, टाकीतील पातळी, प्रवाहाचा वेग व तापमान यांवर नजर ठेवणे, ती मोजणारी उपकरणे समजून घेणे, वाफ व पंप यांची देखभाल करणे, आणि वायुगळती झाल्यास प्रथम काय करावयाचे हे जाणणे, असे त्याचे स्वरूप असते. आम्ल व आम्लारि यांचा जो पाठ आमच्या वर्गात पुष्कळांना कंटाळवाणा वाटतो, तोच तेथे पहिल्या काही महिन्यांत पुन्हा उघडावा लागतो.