मुखवटा ओढला आणि मुंडकंच हातात आलं!

(‘स्कूबी-डू ऑन झॉम्बी आयलंड’ ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी हे पान उलटावं. खाली सगळी गुपितं फोडली आहेत.)

शंका : लहानपणापासून स्कूबी-डू बघतोय. शेवटी मुखवटा निघतो आणि आत एखादा लबाड माणूस सापडतो, हीच त्यातली गंमत. या चित्रपटात भुतं खरीच निघाली. ही रहस्यकथेशी बेइमानी नव्हे का? – एक वाचक, सोलापूर

समाधान : पुरावे लपवले असते तर मीही बेइमानी म्हटलं असतं. पण इथे ते पहिल्यापासून समोर मांडलेत. न्यू ऑर्लिन्समध्ये लीना नावाची बाई आपण होऊन स्कूबी आणि त्याच्या मित्रमंडळींना गाठते आणि आमच्या मूनस्कार बेटावर खरं भूत आहे, चला म्हणते. आमंत्रण देणारीवर संशय घ्यायचा, हे तर रहस्यकथेतलं बालवाडीचं सूत्र! बेटावर लीनाची मालकीण सिमोन हिच्या वाड्यात जिकडेतिकडे मांजरं. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर अक्षरं उमटतात : ‘चालते व्हा’. आपण ती धमकी समजतो. खरं तर तो सावधगिरीचा इशारा असतो. झॉम्बी हेच सिमोन-लीनाचे बळी, आणि नव्या पाहुण्यांची तरी तशी गत होऊ नये म्हणून त्यांची धडपड चाललेली.

माझा आवडता पुरावा टाचांचा. झॉम्बींनी सिमोनला फरफटत नेलं, असं लीना सांगते. स्कूबीच्या टोळीतली वेल्मा जमिनीकडे बघते, तर सिमोनच्या उंच टाचांचे ठसे साफ उमटलेले. फरफटत नेलेल्या बाईचे असे ठसे उमटत नाहीत, म्हणजे ती आपल्या पायांनी चालत गेली. भुतं खरी असली तरी खोटं पकडलं जातं ते याच जुन्या पद्धतीनं. 1969 पासून वेल्मा हेच करत आलीय.

आणि टोळीतला फ्रेड! पकडलेल्या झॉम्बीचा ‘मुखवटा’ तो नेहमीच्या तोऱ्यात ओढायला लागतो, आत कोण असेल याचे अंदाज बांधतो, आणि अख्खं मुंडकं त्याच्या हातात येतं. तीस वर्षांची सवय एका झटक्यात मोडली. ज्याला ती सवयच नाही त्याला हा प्रसंग नुसता किळसवाणा वाटेल.

शंका : स्कूबीच्या गोष्टींत खरी भुतं इथेच पहिल्यांदा आली ना? – एक विद्यार्थिनी, पुणे

समाधान : नाही. 1985 च्या ‘द थर्टीन घोस्ट्स ऑफ स्कूबी-डू’ या मालिकेत खरी भुतं होती, आणि 1988 च्या ‘रिलक्टंट वेअरवुल्फ’मध्ये तर स्कूबीचा दोस्त शॅगीच लांडगा होतो. पण तिथला सूर हसण्याखिदळण्याचा. 1998 च्या या चित्रपटात भीती मनापासून रंगवलीय. चित्रांचं काम जपानच्या ‘मूक ॲनिमेशन’नं केलं, त्यामुळे सावल्या गडद आणि दलदल दलदलीसारखी दिसते.

शंका : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. दाखवू का? अंधश्रद्धा तर नाही ना रुजणार? – एक आई, सांगली

समाधान : थोडं थांबा. सहाव्या वर्षी हा चित्रपट जड जाईल. चाच्यांनी हुसकलेली गावकरी माणसं मगरींच्या तोंडी जातात. शेवटी मार्जार-स्त्रिया, म्हणजे सिमोन आणि लीना, डोळ्यांदेखत वाळून सापळा होतात. माझ्या मते आठ-नऊ वर्षांपासून चालेल, तेही शेजारी बसून आणि दिवसाउजेडी.

अंधश्रद्धेबद्दल म्हणाल, तर सिमोन आणि लीना यांनी त्या चाच्यांवरच्या सूडासाठी मार्जारदेवाला साकडं घातलं आणि त्याचाच शाप त्यांच्या गळ्यात पडला. दर सुगीच्या पौर्णिमेला दुसऱ्याचे प्राण शोषायचे, नाहीतर आपण संपायचं. नवसाची याहून वाईट जाहिरात मी तरी पाहिलेली नाही. मुलगा ‘भूत खरं असतं का?’ असं विचारील, तेव्हा त्याला फ्रेडच्या कॅमेऱ्याचं काय झालं ते विचारा. भुतांचं सगळं चित्रीकरण त्यातच होतं, आणि तो बुडाला दलदलीत.