व्हॅक्यूम क्लीनर घेताना पाचव्या वर्षाचा विचार करा

व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला गेलेल्या गिऱ्हाईकाला दुकानात बहुधा तीनच गोष्टी सांगतात: मोटर किती वॉटची, ओढ किती जबरदस्त आणि सोबत किती ब्रश फुकट. या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवसाच्या. यंत्र भरवशाचं आहे की नाही हे कळतं चौथ्या-पाचव्या वर्षी. तोवर पाईपला चीर गेलेली असते, फिल्टर धुऊन धुऊन विरलेला असतो, झाकणाची खिटी मोडलेली असते. माळ्यावर जाऊन पडलेल्या यंत्रांपैकी पुष्कळांची मोटर धडधाकट असते. एखादा किरकोळ भाग मिळाला नाही, एवढंच त्यांचं दुखणं. म्हणून माझा आग्रह असा की व्हॅक्यूम क्लीनर घेताना आधी त्याचे सुटे भाग आणि ते बसवून देणारा माणूस पाहावा, मग यंत्र पाहावं. हा क्रम कुणाला उलटा वाटेल. पण हे यंत्र चालतं कसं आणि बिघडतं कुठे, हे नीट समजून घेतलं की तोच सरळ वाटू लागतो.

सुरुवात प्रात्यक्षिकापासून करू, कारण पुष्कळ सौदे तिथेच ठरतात. विक्रेता घरी येतो, पाईपमध्ये पांढऱ्या कापडाचा तुकडा अडकवतो, रोजच्या वापरातल्या गादीवरून ब्रश दोन-चारदा फिरवतो आणि कापडावर जमलेली करडी पूड घरच्यांसमोर धरतो. आपण याच गादीवर झोपत होतो, या विचाराने अंगावर काटा येतो आणि पैसे दिले जातात. या प्रयोगातून गादीत धूळ होती एवढंच सिद्ध होतं. कोऱ्या फिल्टरचं कुठलंही यंत्र ती काढून दाखवेल. किंबहुना यंत्रही लागत नाही. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावून जोराने हवा ओढली आणि रुमालावर उमटलेली धूळ पाहून आपली कल्पना चालणार याची खात्री करून घेतली. पुढे त्याचं यंत्र घोडागाडीवरून घरोघर जाऊ लागलं आणि त्याचे लांब पाईप खिडक्यांतून आत सोडले जाऊ लागले. बूथला कल्पना तपासायची होती, त्याला रुमाल पुरला. आपल्याला समोरचं यंत्र तपासायचं असतं. तेव्हा प्रात्यक्षिक बघायचंच असेल तर विक्रेत्याला सांगावं, की धूळपेटी निम्मी भरलेली असू द्या आणि फिल्टर वापरातला असू द्या.

आता आकड्यांकडे वळू. वॉट हा आकडा यंत्र किती वीज खातं ते सांगतो. धूळ किती उचलली जाईल याच्याशी त्याचा संबंध दूरचा. उलट आपल्या घरांत जास्त वॉट ही अडचण ठरू शकते. १६०० वॉटचं यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर करंट ओढतं. हॉल आणि बेडरूममधले साधे प्लग असतात ६ अँपिअरचे. १६ अँपिअरचा पॉवर प्लग सहसा किचनमध्ये, गीझरपाशी नाहीतर एसीजवळ. मग स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये येतो, तो तापतो, पिना काळ्या पडतात. दुसरा आकडा किलोपास्कलचा. हा ओढीचा दाब पाईपचं तोंड पूर्ण बंद ठेवून मोजलेला असतो, म्हणजे हवा अजिबात वाहत नसताना. शहाळ्यातली नळी खालून दाबून धरली तर गाल आत जातात, पण पाण्याचा थेंब वर येत नाही. नुसत्या दाबाच्या आकड्याचं तसंच आहे. धूळ उचलून पेटीपर्यंत वाहून नेते ती वाहती हवा. दाब आणि प्रवाह दोन्ही मिळून जी ताकद होते ती एअरवॉटमध्ये मोजतात. तो आकडा किंवा निदान हवेच्या प्रवाहाचा आकडा माहितीपत्रकात छापलेला नसेल, तर किलोपास्कलच्या मोठ्या अक्षरांना भुलण्याचं कारण नाही.

वॉट कमी म्हणजे सफाई कमी, हा समज युरोपातल्या नियमांनी मोडीत काढला आहे. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला १६०० वॉटची मर्यादा घातली आणि सप्टेंबर २०१७ पासून ती ९०० वॉटवर आणली. त्याच नियमांत धूळ किती उचललीच पाहिजे याचीही किमान अट होती, आणि कंपन्यांनी ब्रशची तोंडं व हवेचे मार्ग सुधारून ती पाळली. त्याहून बोलका प्रसंग २०१८ मधला. यंत्रांवर लावायच्या ऊर्जा-लेबलची चाचणी रिकाम्या धूळपेटीवर होत होती. त्याविरुद्ध डायसन कंपनी कोर्टात गेली आणि युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने नोव्हेंबर २०१८ मध्ये ते लेबल रद्द ठरवलं, कारण अशी चाचणी प्रत्यक्ष वापराच्या जवळ जात नाही. ही दाद मागणारी कंपनी स्वतः यंत्रं विकणारी होती, त्यात तिचं हित होतं, हे खरं. पण मुद्दा ग्राहकाच्या कामाचा आहे. रिकाम्या पेटीचा आकडा हा यंत्राच्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या पाच मिनिटांचा आकडा असतो.

पेटी भरली आणि फिल्टर चोंदला की नेमकं काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. साध्या, कोरड्या यंत्रात गाळून आलेली हवाच मोटरवरून वाहते आणि तिला थंड ठेवते. फिल्टर चोंदला की प्रवाह घटतो, मोटर तापते आणि बऱ्या यंत्रात तापमानाचा कटऑफ तिला बंद पाडतो. फिल्टर नीट बसलेला नसेल तर बारीक पूड थेट मोटरच्या कार्बन ब्रशपर्यंत आणि बेअरिंगपर्यंत जाते. आपल्या घरांतली धूळ तर या बाबतीत फारच कठीण: रांगोळीची दगडी पूड, अगरबत्तीची राख, सांडलेलं पीठ, शेजारच्या बांधकामाची सिमेंटमिश्रित धूळ. रंगकाम किंवा तोडफोड झाल्यावर पडलेली प्लास्टरची पूड साध्या घरगुती यंत्राने ओढूच नये. फिल्टर खरोखर गाळतो का हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. वापरात असलेल्या यंत्राचा फिल्टर काढावा आणि मोटरच्या बाजूला, रबरी कडेच्या पलीकडे, बोट फिरवावं. तिथे करडी रेघ दिसली तर हवा फिल्टरला वळसा घालून जाते आहे. खोक्यावर ‘हेपा’ लिहिलेलं असलं तरी ही गळती झाकली जात नाही. युरोपीय प्रमाणातला एच १३ फिल्टर गाळायला सर्वांत अवघड आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवतो, पण हवा त्यातून गेली तर. नुसतं ‘हेपासारखा’ असं लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. शिवाय धुतलेला फिल्टर खडखडीत वाळल्याशिवाय बसवायचा नसतो, आणि मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात तो एका दिवसात वाळण्याची आशा नको. म्हणजे दुसरा फिल्टर घरात हवाच. तो सुटा मिळत नसेल तर ते यंत्र चार महिने अडून बसेल.

इथेच माझा मूळ मुद्दा पक्का होतो. या यंत्राचे झिजणारे भाग ठरलेले आहेत: पाईप, फिल्टर, पिशवी, ब्रशची कड, वायर गुंडाळणारी स्प्रिंग, कार्बन ब्रश आणि बिनवायरीच्या यंत्रात बॅटरी. ते झिजणारच, त्यात कुणाचा दोष नाही. युरोपीय नियमांनी २०१७ पासून यासाठीही किमान मोजमाप ठरवलं: मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे आणि पाईप ४०,००० वेळा वाकवूनही वापरण्याजोगा राहिला पाहिजे. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास यंत्र वापरलं तर वर्षाचे ५२ तास होतात, म्हणजे ५०० तासांना साडेनऊ वर्षं. रोज वीस मिनिटं वापरणाऱ्यांना तेच तास चार वर्षं पुरतील. आता वॉरंटी कार्ड वाचा. पुष्कळ कार्डांवर मोटरला मोठी मुदत असते. पाईप, फिल्टर आणि ब्रश मात्र ‘झिजणारे भाग’ म्हणून बारीक अक्षरांत वगळलेले असतात. जे सहसा लवकर जात नाही त्याची हमी, आणि जे हमखास जातं ते तुमच्या माथी. त्यामुळे वॉरंटी किती वर्षांची हा प्रश्न अपुरा आहे. पाईप कितीला मिळेल आणि किती दिवसांत, हा पुरा प्रश्न.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बिनवायरीचं यंत्र हातात पटकन येतं. भरवशाचं पण जड यंत्र कपाटातून निघतच नाही, त्यापेक्षा वापरलं जाणारं यंत्र बरं. हा आक्षेप मला मान्य आहे, विशेषतः ज्येष्ठांसाठी आणि ज्यांची कंबर-गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी. पण त्याने माझा नियम बदलत नाही, अधिक कडक होतो. लिथियम बॅटरीची क्षमता काही शे चार्जिंगनंतर उतरू लागते आणि उष्णतेत ती लवकर उतरते. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात असं यंत्र पोटमाळ्यावर किंवा गच्चीलगतच्या खोलीत ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं. तेव्हा बॅटरी खिटी दाबून आपल्याला काढता येते की स्क्रू उघडून कंपनीनेच काढायची, ती सुटी आज कितीला आहे आणि हे मॉडेल बंद झाल्यावर ती मिळत राहील का, हे विचारून लिहून घ्यावं. नवी बॅटरी यंत्राच्या निम्म्या किमतीला असेल तर यंत्राची खरी किंमत दीडपट आहे, हे धरूनच तुलना करावी.

दुसरा आक्षेप घरातल्या जाणत्यांचा: आपल्याकडे फरशी असते, केरसुणी आणि ओलं फडकं पुरतं, हे यंत्र कशाला? फरशीपुरतं हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच ते निवडीला उपयोगी पडतं. शहाबादी असो की व्हिट्रिफाइड, फरशीला गालिच्यासाठी बनवलेल्या फिरत्या ब्रशची गरज नाही. त्या ब्रशला लांब केस गुंडाळतात आणि तो अडकतो. आपल्याला हे यंत्र लागतं गादी, सोफा, पडदे, पुस्तकांची कपाटं आणि सरकत्या खिडक्यांच्या खाचांसाठी. त्याला लांब, लवचीक पाईप आणि अरुंद तोंडाची नळी हवी. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असलेल्या अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या मराठी घरात हिशेब वेगळा होईल. तिथे फिरता ब्रश हवा, आणि तो पट्ट्यावर चालत असेल तर तो पट्टा सहज मिळतो का हे पाहायला हवं. पाणीही ओढणारं यंत्र घेणार असाल तर टाकी भरल्यावर ओढ बंद करणारा तरंगता झडपगोळा त्यात आहे का, ते पाहा. साबणाच्या फेसाने तो फसतो, हेही लक्षात ठेवा. पिशवीवालं की बिनपिशवीचं, या वादात बिनपिशवीची बाजू पैसे वाचण्याची आहे. पण पिशवी स्वतःच एक फिल्टर असते आणि धुळीसकट फेकता येते. पेटी झटकताना उडणारी धूळ दम्याच्या माणसाला महाग पडते. अशा घरात पिशव्यांचा खर्च करावा, फक्त त्या कायम मिळतील याची खात्री करून.

तिसरा आक्षेप सर्वांत मोहात पाडणारा: स्वस्त घ्या, बिघडलं की नवं घ्या, तंत्रज्ञान पुढे जातंच आहे. पण गादीतली धूळ ओढण्याचं काम अजूनही पंखा, मोटर, फिल्टर आणि नळी हेच करतात, आणि जुनं यंत्र तेवढ्यासाठी कालबाह्य होत नाही. फेकलेलं यंत्र भंगारात जातं, त्यातलं बहुतेक प्लॅस्टिक वाया जातं आणि खरेदीची सगळी कटकट पुन्हा सुरू होते. मोठं नाव पाहून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. नाव मुंबईत दिसतं, पण सर्व्हिस सेंटर लातूरला किंवा कणकवलीला आहे का, हे तुमच्या गावावरून ठरतं. खरेदीआधी त्या सेंटरला स्वतः फोन करावा, मॉडेलचं नाव सांगावं आणि पाईप व फिल्टर आज शिल्लक आहेत का ते विचारावं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीच्या बाजूला चक्कर टाकून त्या मॉडेलचे कार्बन ब्रश आणि पाईप बाहेर मिळतात का, हेही विचारावं. जे यंत्र गावातला मोटर-वाइंडिंगवाला उघडू शकतो, ते कंपनीने पाठ फिरवली तरी चालत राहतं.

हे प्रश्न विचारणं हा आपला हक्कच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तूबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं आहे. या सगळ्यासाठी पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवावं लागतं, आणि विक्रेत्याने सुट्या भागांबद्दल जे कबूल केलं ते बिलावर लिहून घ्यावं लागतं. लिहून द्यायला तो कचरला तर तेच तुमचं उत्तर समजा आणि पुढच्या दुकानात जा. दुकानदार त्याच गोष्टी साठवतो ज्या गिऱ्हाईक मागतं. आज आपण वॉट आणि फुकटचे ब्रश विचारतो, म्हणून ते खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापले जातात. उद्या प्रत्येकाने पाईपची किंमत आणि फिल्टरची उपलब्धता विचारली, तर तीही छापावी लागेल.